बीबीसी मायक्रो: प्रोग्रॅम सेव्ह होत नाही, किंवा डिस्कवर असून सापडत नाही

यातलं काही तुमच्या पडद्यावर दिसतंय का, ते आधी पाहा.

- सेव्ह केलं की ‘डिस्क फुल’ येतं, पण फाइलींची बेरीज केली तर डिस्क निम्मीच भरलेली असते.
- ‘कॅट फुल’ येतं, आणि डिस्कवर लहान लहान फाइलींची गर्दी असते.
- डेटा लिहिता लिहिता मध्येच ‘कान्ट एक्स्टेंड’.
- कॅटलॉग, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची यादी, नीट उमटतो, फाइल लोड करायला गेलं की ‘डिस्क फॉल्ट १८’.
- काल वापरलेली फाइल आज ‘फाइल नॉट फाउंड’.
- ‘डिस्क फॉल्ट ०ई’ किंवा ‘०सी’, आणि ड्राइव्हमधून बारीक किरकिर.

पहिल्या पाचांपैकी काही असेल तर बहुतेक वेळा डिस्कही धड असते आणि ड्राइव्हही. शेवटचं असेल तर आत्ताच डिस्क बाहेर काढा आणि खाली हेडबद्दल, म्हणजे ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाबद्दल, लिहिलंय तिथून वाचा. तोवर त्या ड्राइव्हमध्ये दुसरी कुठलीही डिस्क घालू नका.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत द्यायच्या, आणि चांदणी असेल तिथे चांदणीसकट.

बीबीसी मायक्रो हे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं यंत्र, डिसेंबर १९८१ मध्ये आलेलं. इंग्लंडात ते घराघरांत आणि शाळांत होतं. आपल्याकडे ते मुख्यतः शाळांतून ओळखीचं झालं, कारण १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत ही यंत्रं पोचली. मी तशाच एका शाळेत शिकलो. आज माझ्या टेबलावर याच यंत्राची दोन मॉडेल बी आणि एक नंतरचं मास्टर १२८ आहे, आणि दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी सव्वापाच इंची डिस्कांचा डबा घेऊन येतं. तक्रार वर लिहिलेल्यांपैकीच एक असते. या यंत्रासाठी फाइली हाताळायची साधनं बरीच निघाली. कुठलं साधन कधी वापरायचं हे चुकलं की साधा बिघाड कायमचा होतो, म्हणून क्रमाने सगळं लिहितो आहे.

सगळ्यात आधी: मेमरीत न सेव्ह केलेला प्रोग्रॅम आहे का?

इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून हे पहिलं. शाळेत तीन तास बसून लिहिलेला प्रोग्रॅम सेव्ह करायला गेलो तर ‘डिस्क फुल’. सरांनी शिकवलेलं आठवलं, की जागा विखुरली असेल तर *कॉम्पॅक्ट द्यायचं. दिलं. डिस्क सुबक झाली, जागा एकसलग मिळाली, आणि लिस्ट केलं तर प्रोग्रॅमच्या जागी कचरा. *कॉम्पॅक्ट फाइली इकडून तिकडे हलवताना तुमचीच मेमरी पाटीसारखी वापरतो. *कॉपी आणि *बॅकअप हेही तेच करतात. नवीन डिस्क फॉरमॅट करायचा प्रोग्रॅम जुन्या डीएफएसमध्ये (डिस्क फाइलिंग सिस्टिम, डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी यंत्रातली व्यवस्था) युटिलिटी डिस्कवरून मेमरीत यायचा, म्हणजे तोही तुमच्या कामावरच येऊन बसणार.

म्हणून सेव्ह अडलं की यातली एकही आज्ञा देऊ नका. पहिला उपाय, आधीच फॉरमॅट करून ठेवलेली कोरी डिस्क घाला आणि तिच्यावर सेव्ह करा. अशी एक डिस्क यंत्राशेजारी कायम असलीच पाहिजे. ती नसेल तर कॅसेट: *टेप द्या, मग नेहमीसारखं सेव्ह. पडद्यावर ‘रेकॉर्ड देन रिटर्न’ आलं की टेपरेकॉर्डर सुरू करून रिटर्न दाबा. वेग १२०० बॉड, म्हणजे १६ किलोबाइटच्या प्रोग्रॅमला अडीच-तीन मिनिटं. *टेप दिल्याने मेमरीतल्या प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. काम झालं की *डिस्क देऊन परत या. गडबडीत ब्रेक दाबला गेला असेल तर दुसरं काहीही टाइप करण्याआधी ओल्ड द्या, प्रोग्रॅम परत येतो.

प्रोग्रॅम सुरक्षित झाला की पुढचं सगळं निवांत करता येतं.

फुकटातल्या तपासण्या

*खाच.* सव्वापाच इंची डिस्कच्या कडेला चौकोनी खाच असते. ती झाकलेली असेल तर डिस्कवर लिहिता येत नाही आणि ‘डिस्क रीड ओन्ली’ येतं. साडेतीन इंचीची सवय असलेले इथे हमखास गोंधळतात, कारण तिथे उलट असतं, भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी. उपाय शोधण्याआधी तुमची एकुलती एक डिस्क असेल तर खाच आत्ताच झाका. चाळीस वर्षांपूर्वीची चिकटपट्टी वापरू नका. तिचा गोंद सुकून ती ड्राइव्हच्या आत गळून पडते.

*बाजू.* दोन बाजू वाचणारा एकच ड्राइव्ह असेल तर खालची-वरची बाजू म्हणजे ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह २. दुसऱ्या ड्राइव्हच्या बाजू १ आणि ३. ‘फाइल नॉट फाउंड’ घेऊन आलेल्या निम्म्या लोकांची फाइल *कॅट २ (ड्राइव्ह २ चा कॅटलॉग दाखव) दिल्यावर समोर येते.

*डिरेक्टरीचं अक्षर.* डीएफएसमध्ये डिरेक्टरी म्हणजे नावाआधीचं एकच अक्षर. नेहमीची डिरेक्टरी डॉलरच्या चिन्हाची. कॅटलॉगमध्ये ‘बी.गुण’ असं दिसत असेल आणि तुम्ही नुसतं ‘गुण’ मागत असाल तर यंत्र नाहीच म्हणणार. *डायर बी द्या किंवा पूर्ण नाव द्या.

*मास्टर असेल तर कुठली फाइलिंग सिस्टिम सुरू आहे?* १९८६ च्या मास्टर १२८ मध्ये डीएफएस आणि एडीएफएस (वेगळ्या पद्धतीने फाइली ठेवणारी दुसरी फाइलिंग सिस्टिम) दोन्ही आहेत. डीएफएसची डिस्क एडीएफएसला दिली तर ती खराब असल्यासारखी वाटते. डी दाबून धरून ब्रेक दाबा, डीएफएस येतं. ए दाबून ब्रेक, एडीएफएस. एवढ्यावर प्रश्न सुटल्याचं मी अनेकदा पाहिलंय, आणि फॉरमॅट करू का असं विचारणाऱ्या दोघांना अगदी वेळेवर थांबवलंय.

*चाळीस की ऐंशी.* याला जरा वेळ देतो, कारण ‘डिस्क फॉल्ट १८’ चं हे सर्वांत मोठं कारण आहे.

मागच्या दिवाळीत निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आल्या होत्या. पिशवीत कागदी पाकिटातल्या अकरा डिस्का. एका पाकिटावर पेन्सिलने लिहिलेलं, ‘८ वी ब, भूमिती, पुसू नये.’ दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे सांगितलं गेलं होतं, डिस्का गेल्या. मी डिस्क घातली, *कॅट दिलं, अठरा फाइलींची नावं एका दमात आली. एक लोड केली, फॉल्ट १८. दुसरी, १८. बाईंचा चेहरा पडला. मी ड्राइव्हच्या मागे हात घालून बटण ८० वरून ४० वर सरकवलं आणि पुन्हा लोड दिलं. त्रिकोण पडद्यावर हळूहळू उमटायला लागला. बाई त्या त्रिकोणाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या.

कारण असं. जुने ड्राइव्ह डिस्कवर ४० ट्रॅक, म्हणजे गोल रेघा, आखायचे, नंतरचे तेवढ्याच जागेत ८०. ऐंशीच्या ड्राइव्हचं हेड एका वेळी अर्धंच पाऊल टाकतं. ट्रॅक शून्य दोघांचा एकाच जागी असतो आणि कॅटलॉग तिथेच असतो, म्हणून नावं येतात. पुढच्या ट्रॅकवर हेड चुकीच्या जागी पोचतं आणि हवा तो सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा तुकडा, मिळत नाही. १८ चा अर्थ तोच, सेक्टर सापडला नाही. म्हणून कॅटलॉग दिसतो आणि फाइल मिळत नाही हे जोडीने आलं, की बटण आधी तपासा.

एक इशारा. ऐंशीच्या ड्राइव्हवर ४० ची डिस्क वाचा, पण तिच्यावर लिहू नका. नव्या हेडची रेघ अरुंद असते, जुन्या रुंद रेघेच्या कडा तशाच राहतात, आणि मग खऱ्या चाळीसच्या ड्राइव्हला दोन्ही एकदम वाचू येऊन काहीच समजत नाही.

जागा आहे तरी ‘डिस्क फुल’

आता कॅटलॉगच्या आत डोकवावं लागेल. डीएफएसचा हिशेब अगदी सरळ आहे. एका ट्रॅकवर १० सेक्टर, एका सेक्टरमध्ये २५६ बाइट. ४० ट्रॅकला १०० किलोबाइट, ८० ला २००. पहिले दोन सेक्टर कॅटलॉगचे. प्रत्येक फाइलला पहिल्या सेक्टरमध्ये ८ बाइट नावासाठी आणि दुसऱ्यात ८ बाइट पत्ता-लांबीसाठी. सुरुवातीचे ८ बाइट डिस्कच्या मथळ्याला गेले की उरतात २४८, म्हणजे ३१ फाइली. बत्तिसावी फाइल ठेवायला कॅटलॉगात ओळच नाही. ‘कॅट फुल’ म्हणजे एवढंच. डिस्कवर दीडशे किलोबाइट मोकळे असले तरी उपयोग नाही, एखादी फाइल काढा किंवा दुसरी बाजू वापरा.

‘डिस्क फुल’ची गोष्ट वेगळी. डीएफएस प्रत्येक फाइल सलग ठेवतो, तुकडे करत नाही. मधली फाइल पुसली की तिथे भोक राहतं, आणि नवी फाइल त्या भोकात मावली नाही तर पुढचं भोक बघितलं जातं. एकही पुरेसं नसेल तर ‘डिस्क फुल’, मग सगळी भोकं मिळून अर्धी डिस्क का असेना. *इन्फो *.* दिलं की प्रत्येक फाइलच्या ओळीत शेवटचे दोन आकडे लांबी आणि सुरुवातीचा सेक्टर असतात, हेक्साडेसिमल पद्धतीत, म्हणजे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं. समजा एक फाइल सेक्टर ००२ वर सुरू होते आणि लांबी ए०० आहे. म्हणजे १० सेक्टर, ००२ ते ००बी. पुढची फाइल ०२० वर सुरू होते. तर ००सी ते ०१एफ हे २० सेक्टर मोकळे, पाच किलोबाइट. तुमचा प्रोग्रॅम सहा किलोबाइटचा असेल तर ही जागा त्याच्या कामाची नाही. वहीत एकदा हे मांडून बघा, डिस्कचा नकाशा डोळ्यासमोर येतो. १७७० या नंतरच्या डिस्क-कंट्रोलर चिपच्या डीएफएसमध्ये *मॅप आणि *फ्री याच गोष्टी थेट सांगतात.

आता साधनांची तुलना इथेच करतो, कारण चूक इथेच होते.

*कॉम्पॅक्ट त्याच डिस्कवर फाइली पुढे सरकवतो. झटपट आहे, पण हलवाहलव चालू असताना वीज गेली तर हलत असलेली फाइल अर्धी जुन्या जागी, अर्धी नव्या जागी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हे करणं म्हणजे नशिबावर सोडणं. शिवाय मधला एखादा सेक्टर वाचला गेला नाही की काम तिथेच अडतं.

*बॅकअप संपूर्ण डिस्क जशीच्या तशी, सेक्टरमागून सेक्टर दुसरीवर उतरवतो. त्याआधी *एनेबल द्यावं लागतं, कारण समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. कुठली मूळ आणि कुठली नक्कल हे उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या कामावर उतरते, म्हणून मूळ डिस्कची खाच झाकल्याशिवाय ही आज्ञा देऊ नका. भोकंही जशीच्या तशी उतरतात, तेव्हा ‘डिस्क फुल’ वर याचा काही उपयोग नाही.

*कॉपी फाइल उचलतो आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. कोऱ्या डिस्कवर फाइली एकापाठोपाठ एक बसतात, भोकं आपोआप जातात. म्हणजे *कॉम्पॅक्टचं सगळं फळ मिळतं आणि मूळ डिस्कला हात लागत नाही. माझं मत ठाम आहे: डिस्क फुल झाली की कोऱ्या डिस्कवर *कॉपी करा. एकुलत्या एक डिस्कवर *कॉम्पॅक्ट कधीही नाही.

दोन नकला झाल्या आणि कुठली ताजी ते कळेना, तर *कॅटच्या पहिल्या ओळीत मथळ्यापुढे कंसात दोन आकडी संख्या असते ती बघा. कॅटलॉगमध्ये बदल झाला की ती एकाने वाढते. ९९ नंतर पुन्हा शून्य, एवढं लक्षात ठेवा.

‘कान्ट एक्स्टेंड’

हे डेटा फाइलींवर येतं, म्हणजे गुणांच्या याद्या, पत्ते वगैरे. बेसिकमधल्या ओपनआउटने नवी फाइल उघडली की डीएफएस तिच्यासाठी आधीच ६४ सेक्टर, म्हणजे १६ किलोबाइट राखतो. फाइल बंद करताना जेवढं लिहिलं तेवढंच ठेवून बाकीचं सोडून देतो. पुढच्या वेळी त्याच फाइलीत भर घालायला गेलात आणि तिच्या पुढ्यात दुसरी फाइल येऊन बसली असेल, तर वाढायला जागा नाही.

स्वस्त उपाय: ती फाइल एकटी वेगळ्या डिस्कवर नेऊन ठेवा. पक्का उपाय: सुरुवातीलाच मोठी जागा अडवून ठेवा. *सेव्ह गुण ० ८००० असं दिलं की ३२ किलोबाइटची ‘गुण’ नावाची फाइल तयार होते. आत काय आहे याला महत्त्व नाही, जागा महत्त्वाची. नंतर ती ओपनअपने, म्हणजे असलेली फाइल उघडणाऱ्या आज्ञेने, उघडून वापरा. ओपनआउट पुन्हा दिलंत तर जुना मजकूर गेला. आणि प्रोग्रॅम मध्येच एस्केपने थांबवला तर क्लोज#० द्यायला विसरू नका, नाहीतर बफरमधला शेवटचा भाग डिस्कवर पोचतच नाही. ‘शेवटच्या पाच मुलांचे गुण गायब होतात’ अशी एक तक्रार वर्षभर माझ्याकडे येत होती, ती एवढ्यावर मिटली.

फाइली गायब: दुसऱ्या डीएफएसची डिस्क

वॉटफर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या डीएफएसमध्ये एका बाजूला ६२ फाइली ठेवायची सोय होती. त्यासाठी सेक्टर २ आणि ३ मध्ये दुसरा कॅटलॉग असतो. एकॉर्नच्या डीएफएसला तो दुसरा कॅटलॉग माहीतच नाही. तो पहिल्यातल्याच फाइली दाखवतो आणि बाकीच्या फाइलींच्या जागेला मोकळी जागा समजतो. अशा डिस्कवर एकॉर्न डीएफएसने सेव्ह केलं किंवा *कॉम्पॅक्ट दिलं, की न दिसणाऱ्या फाइलींवर लिहिलं जातं. म्हणून अनोळखी डब्यातून आलेल्या डिस्कवर फाइली कमी वाटल्या, तर लिहिण्याआधी खाली सांगितलेल्या साधनाने सेक्टर २ उघडून बघा. सोय उत्तम होती, घरच्या घरी मीही वापरली आहे, पण डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल तर ३१ वरच थांबलेलं बरं.

चुकून पुसलेली फाइल

*डिलीटने डेटा पुसला जात नाही. कॅटलॉगमधली त्या फाइलीची ओळ काढून बाकीच्या ओळी सरकवल्या जातात, बस. तेव्हा पुसल्यावर त्या डिस्कवर काहीही लिहिलं नसेल तर फाइल अजून तिथेच आहे.

खाच झाका. *बॅकअप घ्या, आणि इथे *कॉपी चालणार नाही, कारण तो कॅटलॉगमध्ये असलेल्याच फाइली नेतो. आता वर सांगितल्याप्रमाणे *इन्फोवरून भोकं काढा आणि नकलेवर त्या भोकांत बघा. बेसिकचा प्रोग्रॅम ओळखणं सोपं आहे: पहिला बाइट ०डी, मग ओळ क्रमांकाचे दोन बाइट, मग ओळीची लांबी. शेवट ०डी आणि एफएफ या जोडीवर.

बघायला साधन हवं. कॉम्प्युटर कॉन्सेप्ट्सची डिस्क डॉक्टर ही रॉम चिप यासाठी माझी आवडती. तिचा *डीझॅप सेक्टर उघडून आकडे आणि अक्षरं शेजारी शेजारी दाखवतो, *रिकव्हर सेक्टर मेमरीत आणतो, मग साध्या *सेव्हने वेगळ्या डिस्कवर नव्या नावाने ठेवायचं. चिप यंत्राच्या आतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये बसते, डिस्कवरून लोड करावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. तिची *रिस्टोर ही आज्ञा मेमरीतून थेट सेक्टरवर लिहिते. ती मूळ डिस्कवर कधीही वापरू नका. *डीझॅपमध्येही बदल लिहिता येतात, आणि कॅटलॉगच्या सेक्टरमध्ये एक बाइट चुकला तर सगळ्या फाइलींचे पत्ते बिघडतात.

चिप नसेल तर आजच्या पीसीवर डिस्कची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, काढणं जास्त सुरक्षित. बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे चालत नाही, तो साडेतीन इंची असतो आणि डीएफएसची एफएम या जुन्या पद्धतीची नोंद त्याला वाचता येत नाही. ग्रीझविझल नावाचा छोटा बोर्ड आणि सव्वापाच इंची ड्राइव्ह लागतो. ८० ट्रॅकच्या एका बाजूची प्रतिमा बरोबर २,०४,८०० बाइटची होते. पीसीवर बीबीसी मायक्रोसारखं वागणाऱ्या बीबएम या एम्युलेटरमध्ये ती उघडा आणि तिथे हवे ते प्रयोग करा. बिघडली तर मूळ प्रतिमेची आणखी एक नक्कल घ्यायची. हाताशी हे असेल तर मी जुन्या डिस्कवर थेट काहीच करत नाही. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा गोटेक लावला तर तीच प्रतिमा पेनड्राइव्हवरून खऱ्या यंत्रालाही देता येते.

फॉल्ट ०ई, ०सी: आता डिस्क आणि हेड

०ई म्हणजे सेक्टर सापडला पण आतला मजकूर पडताळणीत चुकला. ०सी म्हणजे सेक्टरची पाटीच नीट वाचता आली नाही. १८ चं बटणाने निवारण झालं नसेल तर तेही इथे येतं. यात आवाज ऐका. नुसता खटखट पावलांचा आवाज ठीक. किरकिर किंवा घासल्यासारखं आलं तर डिस्क लगेच काढा.

डिस्क उजेडात धरा आणि मधला हब हाताने हळू फिरवत लांबट खिडकीतून पृष्ठभाग बघा. पांढरे ठिपके किंवा धुरकट पट्टे म्हणजे बुरशी. कोकणातून आलेल्या डब्यांत दहापैकी तीन-चार तरी अशा निघतात. पारदर्शक गोल ओरखडा म्हणजे तिथला चुंबकीय थरच गेला, तो भाग परत येत नाही. बुरशीची डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की घाण हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या डिस्कला तोच हेड ओरखडतो. एका डिस्कच्या नादात सात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. आधी यंत्राची वायर भिंतीतून काढा. काडी ओली, थेंब गळणारी नको. खालच्या हेडवर हलक्या हाताने पुसा, तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत काड्या बदला. दोन हेडच्या ड्राइव्हमध्ये वरचा हेड बारीक पत्रीवर टांगलेला असतो, तो बोटाने वर उचलू नका. वाकला तर ड्राइव्ह संपला. पाच-दहा मिनिटं सुकू द्या आणि पहिली चाचणी बिनकामाच्या डिस्कवर घ्या. *व्हेरिफाय फक्त वाचतो, लिहीत नाही, म्हणून तोच द्या.

डिस्क थोडी खराब असेल तर *बॅकअप पहिल्याच दुखऱ्या सेक्टरवर थांबतो. तिथे *कॉपीने एकेक फाइल काढा, चांगल्या आधी. अडणारी शेवटी, आणि दोन-तीन प्रयत्नांपलीकडे नाही. प्रत्येक प्रयत्नात हेड तिथे घासतं.

अजूनही येतंय, तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. फॉल्टचा ट्रॅक क्रमांक डिस्कबरोबर गेला तर दोष डिस्कचा. तिथे सगळं वाचलं तर दोष ड्राइव्हचा किंवा केबलचा. ३४ तारांची चपटी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवणं हे मी नेहमी आधी करतो. कनेक्टरच्या पिना काळवंडलेल्या असतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बुरशी लागलेली डिस्क आणि तिची दुसरी नक्कल नसेल, तर स्वतः धुवायला जाऊ नका. आवरण कापून आतली चकती काढावी लागते आणि पहिलीच चूक शेवटची ठरते.

तुमच्या ड्राइव्हवर लिहिलेलं तुमच्याचकडे वाचलं जातं, इतरांच्या डिस्का नाहीत, असं असेल तर हेडची सरळ रेषा बिघडली आहे. ती लावायला खास डिस्क आणि ऑसिलोस्कोप लागतो. स्क्रू अंदाजाने फिरवले तर तुमच्या स्वतःच्या डिस्काही वाचता येणार नाहीत. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी त्या ड्राइव्हवर आपल्या सगळ्या डिस्कांच्या प्रतिमा काढून घ्या.

कुठलीच डिस्क कुठल्याच ड्राइव्हवर वाचत नसेल तर संशय कंट्रोलर चिपवर. जुन्या मॉडेल बीमध्ये इंटेलची ८२७१ असते. ती बदलणं किंवा तिच्या जागी १७७० चा बोर्ड बसवणं हे सोल्डरिंगची सवय असलेल्याचं काम.

जळका वास, धूर किंवा पॉवर सप्लायमधून गुणगुण आली तर त्या क्षणी वायर काढा आणि डबा उघडू नका. आतल्या मेन्सच्या बाजूचे जुने कपॅसिटर दमट हवेत तडकतात आणि यंत्र बंद केल्यावरही काही काळ आत धोकादायक व्होल्टेज असतं. दुरुस्त होईपर्यंत डिस्का यंत्रापासून लांब ठेवा.

जाणकाराकडे जाताना एक चिठ्ठी बरोबर न्या: डीएफएसची आवृत्ती (*हेल्प दिल्यावर दिसते), फॉल्टचा क्रमांक, त्यापुढचे ट्रॅक आणि सेक्टर, बटण ४० वर होतं की ८० वर, आणि त्या डिस्कवर शेवटची कुठली आज्ञा दिली होती. शेवटची आज्ञा *कॉम्पॅक्ट असेल तर तेही लपवू नका. शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरच ठरतं.